विमानाला लगाम घालणारा : विल्बर राइट

रेडिओच्या लहरींवर चालणारे छोटे विमान बांधताना मुलांचे चित्त इंजिनाकडे नि पंख्याकडे वेधलेले असते. आत दडलेली इवलीशी मोटर आणि तिच्यापासून सुकाणूपर्यंत गेलेली पोलादी काडी त्यांना क्षुल्लक वाटते. परंतु त्या काडीच्या सांध्यात ढिलेपणा राहिला, तर उत्तम इंजिनाचे विमानही जमिनीवर आदळते. हे मर्म ज्याने पुरते ओळखले, त्या विल्बर राइटचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. १८७८ साली त्यांनी मुलांसाठी बूच, बांबू व कागद यांचे, रबराच्या पिळावर उडणारे खेळणे आणले. त्याने विल्बर व धाकटा ऑर्व्हिल यांना वेड लावले. पुढे हॉकी खेळताना तोंडावर फटका बसून विल्बरचे दात गेले आणि महाविद्यालयाचा बेत मावळला. क्षयाने खंगलेल्या आईची शुश्रूषा करीत, घरातले ग्रंथ वाचीत त्याने काही वर्षे काढली. १८९२ मध्ये बंधूंनी डेटन येथे सायकलींचे दुकान थाटले.

१८९६ साली ऑटो लिलिएंथाल हा जर्मन साहसवीर हवेत तरंगत असता कोसळून मरण पावला. अंग झुकवून तोल सांभाळण्यापलीकडे त्याच्याजवळ उपाय नव्हता. विल्बर विचारात पडला. तोल जाताच पक्षी काय करतात? मानपुरच्या घाटावर घिरट्या घालणाऱ्या घारी आम्ही नित्य पाहतो. पण त्या पंखांची टोके मुरडतात, हे आमच्यापैकी कितीजणांनी न्याहाळले असेल? विल्बरने ते न्याहाळले. १८९९ मध्ये एके दिवशी दुकानात सायकलच्या ट्यूबचा रिकामा खोका सहज पिळताना त्याला युक्ती सुचली. त्याने पाच फुटी दुमजली पतंग बांधला आणि दोन काठ्यांना बांधलेल्या चार दोऱ्यांनी त्याच्या पंखांना खालून पीळ देऊन पाहिला. पतंग आज्ञेत वागला!

मात्र माणसाला वाहून नेणारे यान इतके आज्ञाधारक नव्हते. पीळ दिला की एका पंखाला हवेचा अडथळा अधिक होई आणि यान घसरत, गरगरत वाळूत रुते. मागे बसवलेल्या अचल शेपटीने तर संकट वाढलेच. १९०२ मध्ये ऑर्व्हिलने शेपूट हलती करण्याचे सुचविले. विल्बरने तिच्या तारा पंखांच्या तारांनाच जोडण्याची कल्पना काढली. पालथे पडलेल्या चालकाने कंबर हलवली की दोन्ही कामे एकदम होत. आमच्या मते राइट बंधूंचा खरा विजय येथेच झाला. इंजिन नंतर आले.

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक जिंकून विल्बर इंजिनाच्या विमानावर चढला. पण पुढचे आडवे सुकाणू त्याने अधिक ओढले आणि साडेतीन सेकंदांत विमान खाली आले. दुरुस्तीनंतर १७ डिसेंबरला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. त्या दिवसाचे चौथे उड्डाण विल्बरचे : ५९ सेकंद, ८५२ फूट.

गंमत अशी, की १९०५ मध्ये बंधूंनी तीच जोडणी सोडवून सुकाणूला स्वतंत्र दांडा दिला. तीव्र वळणांत तो हवाच होता. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला विल्बरने ३९ मिनिटांत २४ मैल घिरट्या घातल्या. १९०८ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे त्याची डौलदार वळणे पाहून टीकाकार निरुत्तर झाले.

३० मे १९१२ रोजी विषमज्वराने, अवघ्या ४५ व्या वर्षी, विल्बर निवर्तला. कुटुंबासाठी योजिलेले नवे घर १९१४ साली पुरे झाले. त्यात राहणे त्याच्या नशिबी नव्हते.