जयपाल सिंह मुंडा : बचावफळीतून संविधान सभेत

ध्यानचंद सर्वांना ठाऊक आहेत. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमधले त्यांचे कर्णधार जयपाल सिंह मुंडा मात्र आपण विसरलो. १९०३ साली रांचीजवळच्या टकरा गावात आदिवासी कुटुंबात जन्मलेले जयपाल ऑक्सफर्डला शिकले, तिथे हॉकीत बचावपटू म्हणून गाजले. ऑलिम्पिकसाठी त्यांनी आयसीएसच्या नोकरीवर पाणी सोडले. मतभेदांमुळे अंतिम सामना ते खेळले नाहीत; भारताने मात्र एकही गोल न खाता सुवर्ण जिंकले.

१९३९ पासून त्यांनी आदिवासी महासभेचे नेतृत्व केले. संविधान सभेत ‘आदिवासी’ हाच शब्द हवा, असा आग्रह त्यांनी धरला. बाबासाहेबांनी कायद्याच्या दृष्टीने ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द योग्य मानला. १९७० मध्ये जयपाल गेले. त्यांनी मागितलेले झारखंड २००० साली झाले. संविधान दिन साजरा करताना बाबासाहेबांशी मतभेद मांडणारा हा आवाजही आपण वाचायला हवा.