रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंडेंनी आणखी एक गोष्ट मागितली होती, ती मिळायला 40 वर्षं लागली

खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यातल्या कारखान्यात एखादा पोरगा आयटीआय करून मेंटेनन्सला लागला, की त्याला पाना हातात द्यायच्या आधी काही गोष्टी शिकवाव्या लागतात.

मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. त्याला कुलूप घालायचं, काम चालू असल्याची पाटी लावायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. पट्टा, गिअर, कपलिंग यावरचा गार्ड काढला असेल तर तो परत बसवल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही. सैल शर्ट, कडं, अंगठी नको.

आज हे साधं वाटतं. पण मशीनपेक्षा माणसाचा हात महाग आहे, हे मालकांना आणि सरकारला पटवायलाच कित्येक वर्षं गेली. त्या भांडणाची सुरुवात करणाऱ्यांत एक नाव ठळक आहे, नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात झाला. घराण्याचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची होती. मॅट्रिकपर्यंत शिकल्यावर त्यांनी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली. पुढे ते मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागले.

स्टोअर म्हणजे तेल, पट्टे, सुटे भाग जिथून निघतात ती जागा. तिथे बसणाऱ्या माणसाला गिरणीत काय मोडलं आणि कुठे मोडलं हे सगळ्यात आधी कळतं.

मोडत होतं बरंच काही. तेव्हाच्या गिरण्या वाफेवर चालायच्या. खाली एक मोठं इंजिन, त्यावर फिरणारा लांबच लांब लोखंडी दांडा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राकडे गेलेले चामडी पट्टे. यंत्राला आजच्यासारखा विजेचा स्विच नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत डोक्यावरचा दांडा फिरतच राहायचा. धोतराचा सोगा, पदर किंवा हात पट्ट्यात गेला, तर तो दांडा तिथल्या तिथे थांबवायची सोय कामगाराच्या हातात नव्हती.

त्यात कामाचे तास सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. जेवणासाठी ठरलेली सुट्टी नाही. आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. गिरणी बंद असलेल्या दिवशीही अनेक ठिकाणी यंत्रं पुसायला कामगारांनाच बोलावलं जायचं. थकलेला माणूस आणि न थांबणारं यंत्र, अपघाताला याहून वेगळं कारण लागत नाही.

1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला. धोकादायक यंत्राभोवती कुंपण घालायचं, सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, 7 ते 12 वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, असं त्यात होतं. पण तो 100 किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. मोठ्या बायका-पुरुषांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र 1880 साली त्यांनी मुंबईत आणलं आणि संपादक म्हणून चालवलं. गिरणी कामगाराचं गाऱ्हाणं छापून यायला हक्काची जागा मिळाली.

सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साधारण 5,500 कामगारांनी सह्या केल्या. याच काळात बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. तिच्याकडे ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी, ना लेखी नियम. तरी भारतातल्या कामगार चळवळीचा इतिहास इथूनच सांगितला जातो.

मागण्या पाच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

रविवार सगळ्यांच्या लक्षात राहिला. ही पाचवी मागणी मात्र विस्मरणात गेली.

मालक लगेच ऐकणार नव्हतेच. लोखंडे अर्ज करत राहिले. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली. त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे त्या काळात विशेष होतं. शेवटी 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या कामात लोखंडे यांनाही घेतलं गेलं. त्यानंतर 1891 चा कायदा आला. तो 50 कामगारांच्या कारखान्यांनाही लागू झाला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांसाठी 11 तासांची आणि मुलांसाठी सात तासांची मर्यादा ठरली. अपघाताच्या भरपाईचं मात्र नाव नव्हतं.

1893 च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर लोखंडे शांततेसाठी झटले. 1895 साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. ज्यांना शहर सोडता येत होतं ते निघून गेले, लोखंडे रुग्णांच्या मदतीला थांबले. त्यातच प्लेग होऊन 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

त्यानंतर 18 वर्षांनी, 1915 मध्ये, खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचं पाणी पाइपातून खाली आणून तयार केलेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीच होती. वाफेचं इंजिन हळूहळू मागे पडलं.

पाचवी मागणी कायद्यात यायला 1923 उजाडलं. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि जखमी कामगाराला भरपाईचा हक्क मिळाला. 1884 च्या सभेनंतर तब्बल 39 वर्षांनी. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितलं, की फिरत्या यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा तेलपाणी करायचं असेल तर ते प्रशिक्षित माणसानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच करायचं.

खोपोलीच्या कारखान्यात नव्या पोराला सैल शर्ट बदलून यायला सांगतात, त्याची मुळं इथपर्यंत जातात. 2005 साली लोखंडे यांच्यावर टपाल तिकीट निघालं, रविवारची सुट्टी आली की त्यांची आठवणही निघते. पण हात मशीनमध्ये गेला तर कामगाराच्या घरची चूल कशी पेटणार, हा प्रश्नही 1884 साली त्यांनीच मांडला होता.