सगळ्यांचा नावडता किंगकाँग

अंगाने भरलेल्या धिप्पाड पोराला आमच्या महाल-इतवारीकडची जुनी माणसे अजूनही किंगकाँग म्हणतात, आणि दंड फुगवून दाखवणाऱ्याला दारासिंग. दारासिंग कोण ते नव्या पिढीलाही ठाऊक असते. रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेतला हनुमान म्हणून का होईना. किंगकाँग म्हटले की मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला अजस्र गोरिलाच येतो. त्या नावाचा एक हाडामांसाचा पैलवान होऊन गेला, त्याला शिव्या घालायला मुंबईपासून सिंगापूरपर्यंत लोक तिकीट काढून जात आणि त्या शिव्यांवरच त्याचे पोट चाले, हे आता फारसे कुणाला आठवत नाही.

त्याचे खरे नाव एमिल त्साया. जन्म १९०९ सालचा, ट्रान्सिल्व्हानियातल्या ब्राशो या डोंगराळ गावचा. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे राज्य होते. तो पाच वर्षांचा असताना पहिले महायुद्ध पेटले. युद्धानंतर साम्राज्याचे तुकडे झाले, आणि १९२० च्या तहाने हा मुलूख रुमानियाकडे गेला. ब्राशोचे ब्राशोव्ह झाले. पुढे १९५० मध्ये त्याच गावाला चक्क स्टालिनचे नाव देण्यात आले आणि दहा वर्षांनी ते काढूनही टाकले. ज्याच्या गावालाच एक नाव धड टिकवता आले नाही, त्याने स्वतःचे नाव बदलले यात नवल ते काय!

नवे नाव मिळाले ते १९३३ साली आलेल्या हॉलिवूडच्या 'किंग काँग' चित्रपटावरून. त्या चित्रपटाची गोष्ट आठवून पाहा. दूरच्या बेटावरून एक महाकाय वानर धरून आणतात, न्यूयॉर्कच्या रंगमंचावर त्याचे प्रदर्शन मांडतात, आणि शेवटी ते बिचारे जगातल्या सर्वांत उंच इमारतीवरून खाली कोसळते. एमिलच्या वाट्याला नावाबरोबर जणू हेच कथानक आले. परक्या मुलखातून यायचे, अंगाचा पर्वत लोकांना दाखवायचा आणि योग्य वेळी खाली पडायचे. लोक त्याला बघायला येत त्यापेक्षा त्याचे पडणे बघायला येत.

आपली कुस्ती लाल मातीतली. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागेचे मैदान बांधून घेतले ते या कुस्तीसाठी. इथे सलामी, खडाखडी, मग डाव-प्रतिडाव आणि पाठ जमिनीला लागली की निकाल. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि त्या शब्दात तिरस्कार असतो. दोरखंडांच्या चौकोनातली फ्रीस्टाइल कुस्ती ही वेगळीच जात. ती खेळापेक्षा तमाशाच्या, सर्कशीच्या अधिक जवळची. तिथे ताकद खरी असते, घाम खरा असतो, दुखापतही खरी असते. कथा मात्र आधी बेतलेली असू शकते. आणि कथा आली की खलनायक आलाच.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला हे जमाखर्चासारखे वाटते. एका खात्यात जमा दाखवायची तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तेवढेच नावे टाकावे लागते. त्याशिवाय वही जुळत नाही. नायकाच्या खात्यावरची प्रत्येक टाळी अशीच कुणाच्या तरी नावे पडलेली असते. किंगकाँगने हे नावे पडणे आयुष्यभर पत्करले.

ते सोपे नव्हते. जाहिरातींत त्याचे वजन चारशे पौंडांच्या आसपास छापले जाई, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी किलो. घेरदार पोट, दाढी, अंगावर येणारी चाल. एवढा देह उचलून आपटायचा तर उचलणाऱ्याची ताकद लागतेच. पण उचलला जाणारा गडीही तितकाच जाणता लागतो. त्याने ऐन वेळी तोल चुकवला तर दोघांपैकी एकाची मान मोडायची. लोकांना दिसत होते ते उचलणाऱ्याचे दंड. पडणाऱ्याचे कसब दिसू नये, यातच त्याचे यश होते.

१९५५ चा नोव्हेंबर महिना त्याच्या कारकिर्दीतला मोठा. ठिकाण जपान. महायुद्धातल्या पराभवाने खचलेल्या त्या देशाला रिकीडोझान नावाचा मल्ल सापडला होता, आणि त्याला परदेशी धिप्पाडांना लोळवताना पाहून जपानी माणूस पुन्हा छाती पुढे काढून चालू लागला होता. किंगकाँगने आपला भारतीय मल्ल टायगर जोगिंदरसिंग याच्या जोडीने रिकीडोझान आणि हॅरॉल्ड साकाटा यांना हरवून आशियाई जोडीचे पहिले अजिंक्यपद पटकावले. हा साकाटा म्हणजे १९४८ च्या ऑलिंपिकमधला वजन उचलण्यातला रौप्यपदकविजेता. पुढे 'गोल्डफिंगर' या बाँडपटात टोपी फेकून मारणारा खलनायक म्हणून जगाला माहीत झाला. जोडीचे पद घेतल्यावर काही दिवसांतच टोकियोत किंगकाँग एकट्याने रिकीडोझानपुढे उभा राहिला आणि हरला. रिकीडोझान आशियाचा पहिला हेवीवेट विजेता ठरला. एका खचलेल्या देशाला दिलासा हवा होता, आणि तो देण्यासाठी ट्रान्सिल्व्हानियाचा माणूस पडला.

आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचक गावचा दारासिंग १९४७ च्या सुमारास पोटासाठी सिंगापूरला गेला. तिथे पिंपे बनवणाऱ्या कारखान्यात काम करता करता तो ग्रेट वर्ल्ड या करमणूक उद्यानातल्या स्टेडियमवर कुस्ती शिकला. हेच सिंगापूर किंगकाँगचेही ठाणे होते. १९५४ मध्ये दारासिंग रुस्तुम-ए-हिंद झाला, आणि पन्नाशीच्या दशकात या दोघांच्या झुंजींनी मैदाने भरू लागली. मुंबईत वरळीचे वल्लभभाई पटेल स्टेडियम हे या कुस्त्यांचे माहेरघर. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले. अशा वेळी एका पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा पहाडासारख्या गोऱ्या माणसाला डोक्यावर उचलतो, हे दृश्य म्हणजे नुसती कुस्ती नव्हती. त्याची वर्णने हॉटेलांत, शाळांत, न्हाव्याच्या दुकानांत वर्षानुवर्षे रंगत राहिली, आणि सांगणाऱ्यागणिक किंगकाँगचे वजन वाढत गेले.

नावाची गंमत अशी की १९६२ मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी 'किंग काँग' नावाचा हिंदी चित्रपट काढला आणि त्याने नायक म्हणून नाव झाले ते दारासिंगचे! पुढे मुमताजबरोबरचे त्याचे चित्रपट आले, मग मालिकेतला हनुमान आला, राज्यसभेची खासदारकी आली. २०१२ मध्ये तो गेला तेव्हा सारा देश हळहळला.

किंगकाँगच्या वाट्याला यातले काही आले नाही. पन्नाशी उलटली तरी त्याची फिरस्ती सुटली नाही. नायकाला वयाबरोबर वडिलकीच्या भूमिका मिळतात. खलनायकाला तीच कुस्ती, तोच प्रवास. मलेशियात मोटारीच्या अपघातात तो जबर जखमी झाला आणि मे १९७० मध्ये सिंगापुरात त्याचा अंत झाला. वय साठीच्या घरात. ज्या देहाला रिंगणात हजारदा पडूनही कुणी मोडू शकले नाही, तो रस्त्यावर मोडला.

आम्हा नागपूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत गावभर मिरवतो, बडग्यांवर वर्षभराचा राग काढतो, साऱ्या इडापिडा त्यांच्या डोक्यावर देतो आणि शेवटी त्यांना जाळून हलक्या मनाने घरी येतो. मारबत वाईट म्हणून आपण तिची वाट पाहणे सोडतो का? उलट लेकराला खांद्यावर बसवून दाखवायला नेतो.

किंगकाँगने तेच काम कागद-बांबूच्या नव्हे, स्वतःच्या देहाने केले, तेही एकदा नव्हे तर रोज रात्री, एका गावातून दुसऱ्या गावात. लोक तिकीट काढून आले, पोटभर ओरडले आणि खूश होऊन घरी गेले. त्यांची बस, लोकल सुटेपर्यंत तो बहुधा अंग शेकत बसलेला असे. आज कौतुकाने कुणाला दारासिंग म्हणाल, तेव्हा त्याच्याखाली पडलेल्या या माणसाचीही थोडी आठवण असू द्या. तो पडला म्हणूनच त्याच्या हातून उंच गेलेला हात आपल्याला दिसला.