बॅबेजचं अपुरं राहिलेलं सबमिशन

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटमधली. मराठीत लिहायचं म्हटलं की अजून हात अडखळतो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच लिहायची होती, कारण ती मला नीट कळली आमच्या मेसच्या मावशींमुळे, आणि मावशींना इंग्रजी येत नाही.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपनं मेससाठी सॉफ्टवेअर करायचं ठरवलं. बेचाळीस पानांचं रिक्वायरमेंट्सचं डॉक्युमेंट, अकरा यूज केस डायग्राम, स्पायरल बाइंडिंग, सगळं जोरात! गाईड सरांनी ते चाळलं आणि एकच काम सांगितलं. प्रत्येक रिक्वायरमेंटपुढे लिहायचं, की ही मेसच्या कुठल्या उद्दिष्टासाठी आहे. आम्ही चौघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. सरांनी सही केली नाही, वर चार्ल्स बॅबेज वाचून या म्हणाले.

बॅबेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे तो एका मार्कापुरता. संगणकाचा जनक कोण? बॅबेज. पण या जनकानं आयुष्यात एकही मशीन पूर्ण केलं नाही, हे पहिल्या धड्यात कोणी सांगत नाही.

त्याचा जन्म २६ डिसेंबर १७९१ चा, लंडनचा. वडील बँकर, घरी पैसा. केंब्रिजला गेल्यावर तिथलं गणित त्याला जुनाट वाटलं, म्हणून १८१२ मध्ये मित्रांबरोबर त्यानं ॲनॅलिटिकल सोसायटी काढली. (सिलॅबसला नावं ठेवायची परंपरा जुनीच आहे म्हणायची!)

त्या काळी जहाजाचा कप्तान, खगोलशास्त्रज्ञ, विमा कंपन्या, सगळ्यांची भिस्त छापील कोष्टकांवर असायची. आपण बारावीत लॉग टेबल वापरलं ना, तसली. ती माणसं हातानं काढायची, आणि चुकायची. १८२१ मध्ये बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल अशीच आकडेमोड ताडून बघत होते. चुकांवर चुका सापडायला लागल्या. वैतागलेल्या बॅबेजच्या मनात आलं, की हे काम वाफेवर चालणाऱ्या यंत्रानं झालं तर किती बरं होईल.

कल्पना सोपी होती. १, ४, ९, १६ हे वर्ग घ्या. त्यांच्यातले फरक ३, ५, ७. त्या फरकांमधला फरक कायम २. म्हणजे उलट्या बाजूनं नुसत्या बेरजा करत गेलं की गुणाकार न करता वर्गांचं अख्खं कोष्टक तयार! बेरीज तर दातेरी चाकांनाही जमते. हेच त्याचं डिफरन्स इंजिन.

इथे मला बॅबेज खरा हुशार वाटला. चुका कुठे होतात हे त्यानं आधी शोधलं. आकडेमोड करताना, नक्कल करताना आणि छापखान्यात टाइप जुळवताना. म्हणून त्यानं ठरवलं की यंत्रानं फक्त मोजून थांबायचं नाही, छपाईचा साचाही स्वतःच तयार करायचा. हे फीचर हौस म्हणून घातलेलं नव्हतं. बिनचूक कोष्टकं या उद्दिष्टापर्यंत त्याचा सरळ धागा जात होता. आमच्या बेचाळीस पानांत असा एकही धागा नव्हता.

१८२२ मध्ये त्यानं छोटं मॉडेल दाखवलं. १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारनं १५०० पौंड मंजूर केले. पण अर्थमंत्र्यांशी जे बोलणं झालं त्याची लेखी नोंद कुणीच ठेवली नाही. काय बनवायचं, किती दिवसांत, एकूण खर्च कुणी करायचा, सगळं हवेत. बॅबेजला वाटलं सरकार शेवटपर्यंत पैसे देणार. सरकारला वाटलं आपण एकदा मदत केली. पुढची वीस वर्षं या गैरसमजावर भांडण चाललं.

जोसेफ क्लेमंट नावाचा अव्वल कारागीर कामाला लागला. यंत्राचे सुटे भाग होणार होते सुमारे पंचवीस हजार, आणि तेही अगदी अचूक मापाचे. मध्येच १८२७ हे वर्ष आलं. त्या एका वर्षात बॅबेजचे वडील, बायको जॉर्जियाना आणि मुलगा गेले. तो जवळपास वर्षभर परदेशी फिरत राहिला. परत आला, पुन्हा कामाला भिडला. १८३२ मध्ये यंत्राचा एक छोटा भाग जोडून झाला आणि झकास चालला. पण १८३३ मध्ये क्लेमंटशी पैशांवरून बिनसलं आणि काम बंद पडलं.

आणि मग खरी गंमत झाली. १८३४ मध्ये बॅबेजला त्याहून मोठी कल्पना सुचली, ॲनॅलिटिकल इंजिन. कुठलंही गणित करणारं, पंच कार्डावर चालणारं. आजच्या कॉम्प्युटरचा पणजोबाच! एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये त्यावर टिपणं लिहिली, ती आजही नावाजली जातात. बॅबेजनं प्रामाणिकपणे सरकारला कळवलं, की आता याहून चांगलं काहीतरी सापडलंय. सरकारनं काय ऐकलं असेल? आपण पैसे दिलेलं पहिलं मशीन अपुरं, आणि हा माणूस दुसरंच सांगतोय. बिनचूक कोष्टकं कधी मिळणार, याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

१८४२ मध्ये सरकारनं हात झटकले. तोवर सतरा हजार पौंडांच्या वर गेले होते. १८३१ मध्ये जॉन बुल नावाचं रेल्वे इंजिन सुमारे ७८४ पौंडांना तयार झालं होतं, म्हणजे तेवढ्यात वीसेक इंजिनं आली असती. सरकारनं सल्ला विचारला तो राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीला, आणि त्यानं हे यंत्र निरुपयोगी ठरवलं. पण मला वाटतं, कोष्टकं किती लागतात, कुणाला, किती वेळा, हे सगळ्यांनी १८२३ मध्येच एकत्र बसून ठरवायला हवं होतं. चूक एकट्या बॅबेजची नव्हती. गिऱ्हाईकानंही विचारलं नव्हतं.

सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. १८३२ मध्ये याच बॅबेजनं कारखानदारीच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं. नवीन वस्तू बनवण्याआधी यंत्रांचा खर्च, मागणी, भांडवल किती दिवसांत परत येईल, हे आधी तपासावं, असं त्यात एक अख्खं प्रकरण आहे. दुसऱ्यांच्या कारखान्याबद्दल जे कळलं, ते स्वतःच्या प्रोजेक्टला लावायचं राहिलं. आपलं तरी वेगळं काय होतं?

तिकडे स्वीडनमध्ये गेऑर्ग शॉइट्झ आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी बॅबेजच्या यंत्राबद्दल वाचून १८५३ मध्ये त्यांचं यंत्र पूर्ण केलं. लहान, साधं, पंधरा आकड्यांपुरतं. त्याला सतत जपावं लागे, आणि बापलेक काही श्रीमंत झाले नाहीत. पण त्याच जातीचं दुसरं यंत्र ब्रिटिश सरकारनंच विकत घेतलं आणि १८६४ मध्ये आयुर्मानाच्या कोष्टकांसाठी वापरलं. बॅबेजनं जळफळाट न करता त्या दोघांचं कौतुक केलं, हे मला फार आवडलं.

१८ ऑक्टोबर १८७१ ला तो गेला. त्यानं १८४७ ते १८४९ मध्ये काढलेल्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाच्या ड्रॉइंग्जवरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं १९९१ मध्ये यंत्र बांधलं, आणि ते एकतीस आकड्यांपर्यंत बिनचूक चाललं! म्हणजे डिझाइनमध्ये खोट नव्हती.

आता मावशींकडे येते. बॅबेज वाचून झाल्यावर आम्ही पहिल्यांदा त्यांना जाऊन विचारलं, की मावशी, तुम्हाला नक्की कसली अडचण आहे? (आधी विचारलंच नव्हतं!) बिलांची त्यांना काही अडचण नव्हती, वहीत सगळं चोख होतं. रात्री किती मुली जेवायला आहेत हे दुपारी चारपर्यंत कळत नाही, म्हणून रोज भात उरतो आणि टाकताना जीव तुटतो, एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्या अकरा डायग्राममध्ये भात कुठेच नव्हता.

आम्ही नवीन डॉक्युमेंट केलं. वरती एक ओळ, उरणारा भात कमी करणे. खाली चार रिक्वायरमेंट्स, प्रत्येकीचा धागा त्या ओळीपर्यंत. लॉगिन, ग्राफ, थीम्स, सगळं उडवलं. थीम्स मी दोन रात्री जागून केल्या होत्या, तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एकूण सहा पानं झाली. सरांनी सही केली.

तेव्हा मुलींनो, संध्याकाळी जेवायला नसाल तर चारच्या आत तेवढं एक बटण दाबत जा. आणि प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्या ज्युनिअर्सना एकच सांगणं, डायग्राम काढायच्या आधी एकदा स्वयंपाकघरात जाऊन या.