डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

पोट भरले म्हणजे शरीराचे पोषण झालेच असे नव्हे. ही गोष्ट ज्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून सिद्ध केली, त्या डॉक्टरांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवितो.

गोल्डबर्गर यांचा जन्म सन १८७४ मध्ये हंगेरीत एका यहूदी कुटुंबात झाला. बालपणीच ते आईबापांबरोबर अमेरिकेस आले. वडील न्यूयॉर्क शहरी किराणा मालाचे दुकान चालवीत. मुलगा १८९५ साली डॉक्टर झाला व पुढे सरकारी आरोग्यखात्यात शिरला.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा या रोगाने कहर केला होता. कातडी काळवंडे, जुलाब होत, आणि शेवटी बुद्धिभ्रंश होऊन रोगी दगावे. हा रोग स्पर्शाने पसरतो, असे पुष्कळांचे मत होते. १९१४ साली गोल्डबर्गर यांस या कामी नेमण्यात आले. वेड्यांच्या इस्पितळांत रोगी या व्याधीने झिजत, परंतु त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नोकरांस ती होत नसे, हे त्यांनी हेरले. गरिबांचे नित्याचे अन्न म्हणजे मका, काकवी व डुकराची चरबी. मिसिसिपी प्रांतातील अनाथ मुलांस त्यांनी दूध, अंडी, मांस व कडधान्ये देवविली, तेव्हा रोग हटला. तरी लोकांची खात्री पटेना. म्हणून १९१६ साली त्यांनी रोग्याचे रक्त आपल्या अंगात टोचून घेतले. पत्नी मेरी यांनीही तसेच केले. दोघांसही रोग झाला नाही. दारिद्र्य हेच रोगाचे मूळ, हे त्यांचे म्हणणे कित्येकांस रुचले नाही. १९२९ साली ते वारले.

उणे असलेले द्रव्य नायासिन होय, हे १९३७ साली कळले. ते शरीरात ज्यापासून बनते तो ट्रिप्टोफॅन नावाचा अंश साध्या मक्यात फार थोडा असतो. तो अधिक असलेला मका १९६४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जाहीर केला. परंतु त्याचा दाणा मऊ व उत्पन्न कमी. मेक्सिकोत सुरिंदर वसाल व एव्हान्जेलिना व्हियेगास यांनी पुष्कळ वर्षे खपून त्याचे टणक दाण्याचे वाण सिद्ध केले. त्यांस २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

ही हकीकत केवळ परदेशची नव्हे. हैदराबादच्या आसपास केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळला होता. ज्वारी टाकावी असे आम्ही म्हणत नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध किंवा अंडे घरातील प्रत्येकाच्या ताटात पडते की नाही, आणि सर्वांमागून जेवणाऱ्या माउलीच्या वाट्यास त्यातले काय उरते, एवढे मात्र आपण अवश्य पाहावे.