र. धों. कर्वे : शरीर, ज्ञान आणि कायदा

आधुनिक मराठी गद्याच्या इतिहासात रघुनाथ धोंडो कर्वे यांचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. संततिनियमनाचे प्रचारक ही त्यांची ओळख खरी असली तरी अपुरी आहे. स्त्रीच्या शरीरासंबंधीचा निर्णय आणि त्यासाठी लागणारे ज्ञान कोणाच्या स्वाधीन असावे, हा प्रश्न त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ मराठी वाचकांसमोर ठेवला. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. वडील धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि बहिष्कार ओढवून घेतला. या घटनांतून पुढील कार्याची सरळ उपपत्ती लावणे धाडसाचे ठरेल. मात्र बाळंतपणातील मृत्यू आणि समाजाचा रोष या दोहोंचा अनुभव त्यांना बालवयातच आला होता, हे विसरता येत नाही.

गणिताचे अध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. केंद्रापर्यंत येऊ न शकणाऱ्या स्त्रीपुरुषांना या मासिकातून सल्ला मिळू लागला. मासिक हेच जणू दवाखान्याचे विस्तारित दालन झाले.

तत्कालीन कायद्याची चौकट येथे लक्षात घ्यावयास हवी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३१२ नुसार, स्त्रीचा जीव वाचविण्याचा प्रसंग वगळता, गर्भपात हा गुन्हा होता आणि स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही अपराधी ठरत असे. अशा स्थितीत नको असलेली गर्भधारणा टाळण्याचे ज्ञान हाच निर्धोक मार्ग उरतो. पण त्या ज्ञानाच्या उघड चर्चेवर अश्लीलतेच्या कलमाची टांगती तलवार होती. व्यभिचारविषयक लेखाबद्दल १९३१ मध्ये कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला. तरीही मासिक थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले, तेव्हा ते चालूच होते.

पुढे शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालानंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. त्याने कलम ३१२ रद्द केले नाही. विहित अटी पाळणाऱ्या डॉक्टरला केवळ संरक्षण दिले. गर्भपातासाठी नोंदणीकृत डॉक्टर आणि सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाण आवश्यक ठरले. साहजिकच, जेथे या दोन्ही गोष्टी नाहीत त्या गावातील स्त्रीला कायद्याची सवलत असून नसल्यासारखीच राहते. गुन्ह्याचा शिक्का पुसट होणे आणि उपचार हाती येणे यांतील अंतर येथे दिसते.

या कायद्याने गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरणे हे गर्भपाताचे ग्राह्य कारण मानले, परंतु केवळ विवाहित स्त्रीपुरते. ही मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने दूर झाली. २० ते २४ आठवड्यांच्या गर्भाबाबत अविवाहितेला वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. स्त्रीच्या आरोग्याचा विचार विवाहसंस्थेच्या चौकटीबाहेर करणाऱ्या कर्व्यांना १९३१ मध्ये दंड झाला होता; कायद्यातील 'विवाहित' हे विशेषण गळून पडावयास त्यानंतर ९० वर्षे लागली.

कर्व्यांना या बदलाचे जनक म्हणणे अतिशयोक्त ठरेल. मात्र जो विषय कुजबुजीत कोंडला जातो त्याची सेवा दुर्लभ होते, हे त्यांनी ओळखले होते. त्या विषयाला त्यांनी स्पष्ट, निःसंकोच मराठी गद्य दिले. त्यांचे वाङ्मयीन आणि सामाजिक कार्य येथे एकरूप होते.