आवा येथील बंदिवान : अदोनिराम जडसन

रेव्हरंड गॉर्डन हॉल ह्यांचे नाव आपल्या मराठी मंडळ्यांत परिचित आहे. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतील सेलम येथे त्यांच्यासह ज्या पाच तरुणांस दीक्षा मिळाली, त्यांतच अदोनिराम जडसन हे होते. हॉलसाहेब मुंबईस आले. जडसनसाहेब बाप्तिस्म्याविषयीचे मत पालटल्यामुळे निराळ्या पंथाचे होऊन १८१३ साली पत्नी अ‍ॅन हिजसह ब्रह्मदेशी रंगून येथे उतरले. पहिला ब्रह्मी मनुष्य बाप्तिस्मा घेण्यास १८१९ साल उजाडले. वर्षअखेरीस मंडळीचे पुस्तक कोरे पाहून खिन्न होणाऱ्या प्रचारक बंधूंनी हे ध्यानात घ्यावे.

१८२४ साली इंग्रज व ब्रह्मी राजा ह्यांचे युद्ध जुंपले. साहेबांचा पैसा एका इंग्रज व्यापाऱ्यामार्फत येत असे, म्हणून ते हेर होत असा दरबारास संशय आला. ता. ८ जून रोजी राजधानी आवा येथे त्यांस धरून, दोरीने करकचून बांधून बंदिशाळेत नेले. तेथील रक्षक स्वतःच शिक्षा झालेले गुन्हेगार असून त्यांच्या गालांवर डाग दिलेले असत. त्यांचा नायक बंदिवानांकडून आपणास बाप म्हणवून घेई! साहेबांच्या पायांत तीन बेड्या पडल्या, पुढे पाच. रात्री सर्वांच्या पायांमधून एक लांब बांबू घालून तो वर ओढीत. मग डोके व खांदे तेवढे जमिनीस टेकत. दुपारी तीनच्या सुमारास वधासाठी कोणास तरी बाहेर नेत, तेव्हा सारी कोठडी निःशब्द होई.

जडसनबाई गरोदर असताही अन्न पोहोचवीत व अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित त्यांनी आधी जमिनीत पुरले, मग ओल लागेल म्हणून एका उशीत शिवून साहेबांस दिले. ती उशी मुद्दाम इतकी टणक केली होती की कोणास तिचा लोभ होऊ नये.

मे १८२५ मध्ये बंदिवानांस भर उन्हात अनवाणी तापल्या वाळूवरून औंगपेनला गावाकडे हाकलले. एक ग्रीक मनुष्य त्या वाटेवर पडला तो मेला. साहेबांचे तळवे सोलून निघाले, तेव्हा एका बंगाली नोकराने आपले पागोटे फाडून अर्धे त्यांच्या पायांस बांधले. आवा येथे रक्षकांनी टाकून दिलेला उशीचा कापूस मौंग इंग नावाच्या शिष्याने धन्याची आठवण म्हणून उचलून ठेवला. कित्येक महिन्यांनी त्यात हस्तलिखित जसेच्या तसे सापडले.

फेब्रुवारी १८२६ मध्ये यांडाबो येथे तह झाला. इंग्रज सेनापतीने दिलेल्या मेजवानीत एक ब्रह्मी अधिकारी बाईंस पाहून थरथरू लागला. एकदा त्या पतीसाठी विनवणी करण्यास दूरवर चालत त्याच्या दारी गेल्या असता त्याने त्यांची रेशमी छत्री हिसकावून घेऊन, साधी कागदी छत्रीसुद्धा न देता त्यांस उन्हात परत पाठविले होते. बाईंनी त्याच्याच भाषेत हळूच त्यास निर्भय राहण्यास सांगितले. त्यांचा एक शब्द पुरा होता. तो त्यांनी उच्चारला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात, साहेब दूर असता, बाई वारल्या. पुढल्या एप्रिलात त्यांची लहान मुलगीही गेली. नंतर साहेब रानात झोपडी बांधून, कबर खणून तिच्या काठी बसत. हे लपविण्याजोगे आहे असे मला वाटत नाही. बेड्यांनी न मोडलेला मनुष्य येथे मोडला. तरी काम सुटले नाही. १८३४ साली संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले. ता. १२ एप्रिल १८५० रोजी जहाजावर त्यांचा अंत झाला, व देह समुद्रास देण्यात आला.